घरातला निवडुंग आणि पावसाळ्यातला उजेड

इगतपुरीचा पाऊस कुणाला सांगायला नको. मृग लागला की ढग खाली उतरतात. समोरचा डोंगर दिसेनासा होतो. कसारा घाट चढून वर आलेली गाडी धुक्यातून एकदम पुढ्यात उभी राहते. वर्षाला इथे सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे जवळजवळ 120 इंच. नाशिक शहरात याच्या चौथाईच्या आसपास पडतो. आणि दोन्ही गावांत अंतर किती? जेमतेम 50 किलोमीटर.

अशा मुलखात माझ्या मावशीने निवडुंगाचा धंदा मांडला.

मावशीचे घर घोटीजवळ, रस्त्याच्या कडेला आहे. पावसाळ्यात मुंबईची माणसे धबधबे बघायला येतात. मावशीकडे चहा घेतात, भजी खातात. मावशीच्या सुनेने विचार केला, चहाबरोबर काहीतरी विकावे. शहरातल्या लोकांना छोट्या कुंडीतला निवडुंग आवडतो. त्याला ती मंडळी कॅक्टस म्हणतात. मे महिन्यात सुनेने नाशिकहून 60 छोट्या कुंड्या आणल्या. एकेक 40 रुपयांना. 2400 रुपये बचत गटातून उचलले.

निवडुंग पाण्याने मरतो, हे दोघींना ठाऊक होते. म्हणून पाऊस सुरू होताच त्यांनी सगळ्या कुंड्या आत घेतल्या. माजघरात फळीवर ओळीने मांडल्या. तिथे पाण्याचा एक थेंब येत नाही. जागा एकदम कोरडी.

मी श्रावणात गेलो. मावशी मोठ्या कौतुकाने मला आत घेऊन गेली.

"बघ रे बाबा, कशी भराभरा वाढली! आणली तेव्हा लिंबाएवढी होती. आता बोटभर उंच झाली."

मी पाहिले. खालचा भाग लिंबासारखा गोल, हिरवागार. त्यावर एक बारीक, फिकट पिवळा शेंडा निघालेला. जणू लिंबावर कुणी मेणबत्ती लावली आहे. काटेसुद्धा विरळ आणि मऊ. आणि सगळे शेंडे एकाच बाजूला, दाराकडे वाकलेले.

"मावशे," मी म्हटले, "ही वाढ नव्हे गं. ही झाडं उजेड शोधतायत."

तिला ते पटले नाही. वाढणारे झाड आजारी कसे असेल? पण गणपतीपर्यंत 60 पैकी 41 कुंड्या गेल्या. बुडाशी मऊ झाल्या, काळ्या पडल्या आणि आडव्या झाल्या.

तुम्हालाही मावशीसारखेच वाटेल. झाड उंच होते आहे, म्हणजे ते खुशीत आहे. तर मग नवरात्रातला घट आठवा. आपण परडीत माती घालतो. त्यात गहू पेरतो. मध्ये घट मांडतो. देव्हारा बहुधा अंधाऱ्या कोपऱ्यात असतो. चार-पाच दिवसांत धान उगवते. ते कसे दिसते? पिवळे, नाजूक, वीतभर उंच. दसऱ्याला आपण ते टोपीत खोवतो, कानावर लावतो. देवापुढे ते शोभते. पण शेतातला गहू असा उगवला तर तुम्ही कपाळाला हात लावाल. शेतातल्या गव्हाचे रोप तेवढ्याच दिवसांत बुटके असते, पण हिरवे आणि टणक.

दोन्हीकडे बी तेच. मातीही तीच. फरक उजेडाचा. अंधारातले रोप आपल्याजवळची सगळी पुंजी उंच होण्यात घालवते. वर कुठेतरी उजेड असेल, तिथवर पोचू, एवढाच त्याचा प्रयत्न. बियात साठवलेले अन्न संपले की ते रोप कोलमडते. भाताच्या रोपांचेही तसेच. झाडाच्या दाट सावलीत रोपे टाकली तर ती लांबट आणि लेची होतात. आवणीला तशी रोपे कुणी उचलत नाही.

मावशीच्या निवडुंगाने हेच केले. फक्त त्याची पुंजी गव्हाच्या दाण्यापेक्षा मोठी. म्हणून तो दोन-अडीच महिने तग धरून राहिला आणि वाढतोय असे वाटले.

आता निवडुंग जगतो कसा, ते पाहू.

झाडाचे अन्न हिरव्या रंगात तयार होते. त्याला उजेड लागतो, पाणी लागते आणि हवेतला कर्बवायू लागतो. आंब्याचे अन्न पानात होते. निवडुंगाला पाने नाहीत. त्याच्या पानांचे काटे झाले. मग अन्न कुठे तयार होते? त्याच्या खोडावर. आपण ज्याला फडा म्हणतो, तेही पान नव्हे. ते चपटे झालेले खोडच आहे. त्या खोडाची हिरवी साल पानाचे काम करते. आंब्याला हजारो पाने. लहानशा निवडुंगाला केवढी साल? लिंबाच्या सालीएवढी. एवढ्याशा सालीवर घरखर्च चालवायचा, म्हणजे उजेड भरपूरच लागणार.

आणखी एक गंमत आहे. बाकीची झाडे दिवसा हवा आत घेतात. त्यासाठी पानावर बारीक भोके असतात. पण भोके उघडली की आतले पाणी उडून जाते. निवडुंग वाळवंटातला. त्याला हे परवडत नाही. म्हणून तो दिवसा भोके मिटून बसतो. रात्री गारव्यात उघडतो. रात्री घेतलेला कर्बवायू आंबट रसाच्या रूपात साठवून ठेवतो. दिवस उगवला की उजेडाच्या जोरावर त्या साठ्यातून अन्न बनवतो.

असे करणारी दुसरीही झाडे आहेत. आपली पानफुटी त्यातलीच. पान मातीवर टाकले की कडेने रोपे फुटतात, ती पानफुटी. 200 वर्षांपूर्वी बेंजामिन हाइन नावाचे एक युरोपियन वनस्पतिशास्त्रज्ञ आपल्या देशात काम करत होते. त्यांनी पानफुटीचे पान सकाळी चावून पाहिले. ते चुक्याच्या भाजीसारखे आंबट लागले. दुपारी पाहिले, तर चव गेलेली. त्यांनी हे लंडनला पत्राने कळवले. ते पत्र 1815 साली छापले गेले. रात्रीची आंबट शिदोरी दिवसा खर्च होते, हे पुढच्या शास्त्रज्ञांनी उलगडून दाखवले.

यातून आपल्याला दोन गोष्टी मिळतात. निवडुंगाला दिवसा चांगला उजेड हवा, ही पहिली. आणि रात्री अंधारही हवा, ही दुसरी. रात्रभर दिव्याखाली ठेवून त्याचे भले होत नाही.

इथे जरा थांबून निवडुंग म्हणजे कोणते झाड, तेही सांगतो. बांधावरचा फड्या निवडुंग सगळ्यांना माहीत आहे. तो मूळचा आपल्याकडचा नाही. तो अमेरिकेतून आला. एके काळी दख्खनच्या पठारावर तो इतका माजला होता की जमिनीच्या जमिनी त्याने अडवल्या. मग 1926 च्या सुमारास त्याच्यावर जगणारा एक किडा लंकेतून दक्षिणेत आणला गेला आणि त्याने फड्याची रानेच्या राने खाऊन टाकली. कुंडीतले गोल काटेरी निवडुंगही मूळ अमेरिकेचेच. हल्ली सांगली-सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागा दिसतात, तेही निवडुंगाच्या कुळातलेच. पण कुंपणाचा त्रिधारी निवडुंग आणि शेर ही झाडे मात्र वेगळ्या कुळातली. ती मोडली की पांढरा चीक येतो. खऱ्या निवडुंगाला बहुतेक वेळा असा चीक नसतो. हा चीक डोळ्यांत गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. त्रिधारी कुंडीत लावला असेल तर मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. उजेड त्यालाही तेवढाच लागतो.

आता मुख्य गोष्ट. मावशी मला म्हणाली होती, "अरे, माजघरात काय अंधार आहे? मी तिथे तांदूळ निवडते की!"

खरे आहे. ती तिथे तांदूळ निवडते. खडा बरोबर दिसतो तिला. पण आपला डोळा फसवा आहे. उजेड कमी झाला की डोळ्याची बाहुली मोठी होते. जास्त झाला की बारीक होते. त्यामुळे अंगणात आणि घरात केवढा फरक आहे, ते आपल्याला कळतच नाही. झाडाला अशी बाहुली नाही. जेवढा उजेड पडेल तेवढाच त्याला मिळतो.

उजेड मोजायचे यंत्र असते. त्याच्या मापाला लक्स म्हणतात. उन्हाळ्यात भर दुपारी अंगणात सुमारे 1 लाख लक्स उजेड असतो. आभाळ दाट भरले की त्याच अंगणात तो 5 ते 10 हजारांवर येतो. फार काळोखी आली तर त्याहूनही खाली. आणि घरात? खिडकीपासून चार-पाच हात आत गेले की शेदोनशे लक्स. आपल्या माजघरात तर तेवढाही नसतो. रुपयांत सांगायचे तर अंगणात लाख रुपये मजुरी मिळते आणि माजघरात शंभर. शंभर रुपयांत निवडुंगाने कसे भागवायचे? वाळवंटातल्या निवडुंगाला दिवसातले निदान चार-पाच तास दहा-वीस हजार लक्सच्या वरचा उजेड मिळाला, तर तो नीट वाढतो.

यंत्र आपल्याकडे नाही, ठीक आहे. सावली तर आहे! कुंडी ठेवायची त्या जागी एक पांढरा कागद ठेवा. दुपारची वेळ असावी. कागदाच्या वर हातभर उंचीवर पंजा धरा. पंजाची सावली काळी आणि रेखीव पडली, बोटे वेगळी मोजता आली, तर जागा निवडुंगाला योग्य. सावली पडली पण पुसट, कडा विरघळलेल्या, तर तिथे तो जेमतेम तगेल. सावली पडलीच नाही, तर तिथे निवडुंग ठेवू नका. मी मावशीच्या फळीवर कागद ठेवला. हात धरला. कागदावर काहीच उमटले नाही. मावशीने स्वतःचा हात धरून पाहिला. मग ती काही बोलली नाही.

मग घरात उजेडाची जागा कोणती?

शहरातल्या पुस्तकांत लिहितात, दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. ही पुस्तके बहुधा युरोपातली वाचून लिहिलेली असतात. युरोप उत्तरेला पार लांब. तिथे सूर्य बारा महिने दक्षिणेकडूनच जातो. आपल्याकडे तसे नाही. इगतपुरीत मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. तिथून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे जून-जुलैत दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. थंडीत मात्र सूर्य दक्षिणेला कलतो. डिसेंबरात दक्षिणेच्या दारातून ऊन चांगले आतपर्यंत येते. तेव्हा दक्षिणेची खिडकी थंडीसाठी चांगली, पावसाळ्यासाठी नव्हे.

पावसाळ्यात आपल्याकडे पूर्वेची बाजू बरी. याला दोन कारणे आहेत. पावसाची झड येते पश्चिमेकडून. त्या बाजूला आपण ताडपत्री बांधतो, दारे लावून घेतो. पूर्वेचा ओटा त्या मानाने कोरडा राहतो. आणि मधूनच उघडीप पडली तर सकाळचे कोवळे ऊन पूर्वेलाच मिळते. ओट्याच्या अगदी कडेला, पण पागोळीच्या आत, अशी जागा धरा. वळचणीच्या खाली भिंतीला चिकटवून ठेवू नका. छपराचा उतार खाली आलेला असतो, त्यामुळे भिंतीपाशी आभाळ दिसत नाही. हेसुद्धा एक माप समजा. जमिनीवर बसून, कुंडीच्या जागेवरून वर बघा. आभाळ जेवढे दिसते, तेवढा उजेड झाडाला मिळतो.

घर कौलारू असेल तर एक सोपा उपाय आहे. दोन-चार कौले काढून तिथे काचेची कौले बसवा. चुलीवर उजेड यावा म्हणून आपल्या जुन्या घरांत काचेचे कौल असायचेच. त्याच्या बरोबर खाली, जमेल तितक्या उंच फळीवर, कुंड्या ठेवा. कौल उंच आणि कुंडी जमिनीवर असेल तर फारसा उपयोग नाही. काचेवर शेवाळ आणि धूर बसतो. पावसाआधी ती घासून घ्या. खिडकीच्या काचेचेही तसेच. चुलीच्या धुराने काळी झालेली काच बराच उजेड गिळते. आणि कुंडीमागची भिंत चुन्याने पांढरी केली तर अंगावर पडलेला उजेड ती परत फेकते. शेणाने सारवलेली भिंत तसे करत नाही. चुन्याला खर्च तो किती!

ज्यांना विक्रीसाठी पुष्कळ कुंड्या ठेवायच्या आहेत, त्यांनी पूर्वेच्या अंगणात चार बांबू रोवून वर पारदर्शक पत्रा टाकावा. चारी बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पाऊस लागत नाही, उजेड मिळतो आणि वारा खेळतो. वारा महत्त्वाचा. कोंदट, दमट जागेत बुरशी लवकर धरते.

झाड एका बाजूला झुकते, त्याला उपाय म्हणजे कुंडी फिरवणे. दर आठवड्याला पाव वळसा द्या. बाजाराचा दिवस ठरवून टाकला तर विसरायला होत नाही. काट्यांत धूळ आणि कोळिष्टके बसतात, ती मऊ कुंचल्याने झाडा. धूळही उजेड अडवते.

आता पाण्याबद्दल. मावशीची झाडे मेली कशाने? उजेड नव्हता म्हणून की पाणी झाले म्हणून? मी सुनेला विचारले, "वहिनी, पाणी किती घालत होतीस?"

ती म्हणाली, "जास्त नाही हो भाऊ. एक दिवसाआड फुलपात्रभर."

मे महिन्यात, उन्हात, एवढे पाणी कदाचित खपले असते. पण झाड पाणी पिते ते उजेडाच्या जोरावर. जेवढा उजेड, तेवढे काम. जेवढे काम, तेवढी तहान. अंधारात झाडाचे काम बंद. घातलेले पाणी कुंडीतच राहते. वर हवाही ओली, म्हणून माती सुकत नाही. मुळे गुदमरतात, कुजतात. कूज बुडातून वर चढते. तेव्हा दोष दोन्हींचा आहे. भरपूर उजेडात थोडे पाणी जास्त झाले तरी झाड सोसते. अंधारात कोरडे राहिले तरी काही दिवस जगते. अंधार आणि पाणी एकत्र आले की ते जगत नाही.

म्हणून जून ते सप्टेंबर हात आखडता घ्या. केरसुणीचा एक हीर मातीत तळापर्यंत खुपसा. बाहेर काढल्यावर ओल किंवा माती चिकटलेली दिसली तर पाणी नको. हीर कोरडा आला तरी आणखी आठवडाभर थांबा. उजेडातल्या कुंडीला पावसाळ्यात महिन्याकाठी एखादे वेळी थोडे पाणी पुरते. अंधारात ठेवण्यावाचून गत्यंतर नसेल तर पाणी बंदच करा. झाड थोडे सुरकुतेल. घाबरू नका, उघडीप पडली की ते भरून येते. कुंडीला खाली भोक असावे आणि मातीत निम्मी भरड वाळू किंवा विटेचा चुरा असावा, हे वेगळे सांगायला नको.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. गणपतीनंतर मावशीच्या 19 कुंड्या उरल्या होत्या. मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "मावशे, आता पाऊस सरला. सगळ्या उन्हात काढ."

तिने त्या दिवशीच सगळ्या कुंड्या कुंपणाच्या भिंतीवर मांडल्या. ऑक्टोबरचे ऊन कसे असते ते तुम्ही जाणताच. चार दिवसांत सहा झाडांच्या अंगावर पांढरे चट्टे उठले. पुढे ते तपकिरी आणि खरखरीत झाले. उन्हाने साल भाजली. ते डाग कधीच गेले नाहीत. मावशी मला एका शब्दाने बोलली नाही, पण मला काय वाटायचे ते वाटले.

वाळवंटातले झाड उन्हाने कसे भाजेल, असे मला वाटले होते. पण वाळवंटातही लहान रोपटे एकदम उघड्यावर वाढत नाही. अमेरिकेत ॲरिझोना नावाच्या भागात सग्वारो जातीचा निवडुंग होतो. तो 40 फुटांपर्यंत उंच जातो, दीडशे वर्षे जगतो. एवढा मोठा निवडुंग, पण त्याचे पोर एखाद्या काटेरी झाडाच्या विरळ सावलीत वाढते. उन्हाची सवय त्याला हळूहळू होते. मावशीची झाडे तर चार महिने काळोखात होती. आषाढात घरात बसलेला माणूस एकदम वैशाखाच्या उन्हात दिवसभर कापणी करू लागला तर त्याचे काय होईल?

तेव्हा अंधारातून उजेडात आणताना पंधरा दिवस घ्या. पहिले तीन-चार दिवस ओट्यावर, ऊन नाही पण आभाळ दिसते अशा जागी. मग सकाळचे तासभर ऊन. मग दोन तास. दुपारच्या वेळी वर जुन्या पातळाचा तुकडा बांधला तरी चालतो. नर्सरीतून नवी कुंडी आणली तरी असेच करा. नर्सरीत हिरव्या जाळीखाली ती वाढलेली असते.

आणि तो बारीक फिकट शेंडा? तो पुन्हा जाड होत नाही. पुढे उजेड मिळाला तर त्याच्यावरची नवी वाढ जाड होते, पण मधला गळा बारीकच राहतो. हे विक्रीला चालत नाही. धारदार सुरीने गळा कापता येतो. कापलेली जागा आठ-दहा दिवस सुकू द्यावी. खालच्या बुंध्याला मग बाजूने पिल्ले फुटतात. हे काम पावसाळ्यात करू नका, जखम कुजते. दिवाळीनंतर करा.

नर्सरीत लाल किंवा पिवळ्या डोक्याचे निवडुंग मिळतात. पर्यटक ते हटकून मागतात. त्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. ते एक झाड नव्हे, दोन झाडांचे कलम आहे. वरच्या लाल गोळ्यात हिरवा रंग जवळजवळ नाही, त्यामुळे त्याला स्वतःचे अन्न करता येत नाही. खालचा हिरवा खुंट कमावतो आणि वरचा खातो. म्हणून तिथे उजेड खुंटाला मिळाला पाहिजे. गर्दीत कुंड्या चिकटवून ठेवल्या तर सगळे खुंट एकमेकांच्या सावलीत जातात. दोन कुंड्यांत चार बोटे अंतर ठेवा. आणि या कलमाला दुपारचे कडक ऊन सोसत नाही. सकाळचे पुरे.

आणखी एक झाड आपल्याकडे घरोघर असते, आणि ते निवडुंग आहे हे फार थोड्यांना माहीत असते. ते म्हणजे ब्रह्मकमळ. खरे ब्रह्मकमळ हिमालयात उंचावर होते. आपल्या घरी रात्री उमलणारे, पांढरे, घमघमणारे फूल येते ते निवडुंगाचे. त्याची लांब पाने म्हणजे चपटे खोड. म्हणून तर त्याचे फूल पानाच्या कडेतून निघते! हा निवडुंग वाळवंटातला नाही. तो अमेरिकेच्या दमट जंगलात, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतो. त्याला पाऊस चालतो, इगतपुरीची हवा मानवते. त्याला भर दुपारचे ऊन नको, पण अंधारही नको. पानांतून झिरपलेला, मोकळा उजेड हवा. पूर्वेच्या पडवीत टांगलेले ब्रह्मकमळ पावसाळ्यात एका रात्री पाच-दहा फुले देते. तेच घरात कपाटाशेजारी ठेवले तर वर्षानुवर्षे नुसती लांब पाने काढते. बाया म्हणतात, आमचे झाड वांझ निघाले. झाड वांझ नाही. त्याला बाहेर टांगा आणि एखादा पावसाळा वाट पाहा.

ज्यांच्या घराला पूर्वेची बाजूच नाही, चाळीत किंवा रेल्वेच्या खोलीत राहतात, त्यांनी काय करावे? विजेचा दिवा चालतो. साधी पांढरी एलईडी नळी घ्यावी. ती झाडांच्या वर वीतभर अंतरावर बांधावी. आढ्याला लावलेली नळी उपयोगाची नाही. नळी दुप्पट उंचीवर गेली की झाडावर पडणारा उजेड निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो. सकाळी लावावी, संध्याकाळी बंद करावी, म्हणजे बारा तास होतात. 20 वॉटची नळी रोज बारा तास जळली तर महिन्याला सात युनिटांच्या आसपास वीज लागते. जुना पिवळा बल्ब मात्र जवळ नेऊ नका, त्याच्या धगीने झाड भाजते. पावसात आपल्याकडे वीज जाते. दोन-चार दिवस गेली तरी निवडुंगाचे काही बिघडत नाही. तेवढे दिवस पाणी घालू नका म्हणजे झाले.

मावशीच्या त्या 19 कुंड्यांपैकी 13 बिनडागाच्या होत्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात आम्ही पूर्वेच्या अंगणात बांबू रोवले आणि पारदर्शक पत्रा टाकला. सुनेने बाजूची पिल्ले अलग करून चहाच्या जुन्या पेल्यांत, तळाला भोके पाडून, लावली. त्या पावसाळ्यात पत्र्याखालचे एकही झाड लांबले नाही. पण वाढलेही फारसे नाही. आषाढात उजेडच एवढा थोडा असतो की निवडुंग जागच्या जागी बसून राहतो. तसे ते बसून राहिले, म्हणजे सगळे ठीक होते. श्रावणात उघडीप पडली. नऊ कुंड्या 80 रुपयांप्रमाणे गेल्या. 720 रुपये आले. गटाचे कर्ज अजून पुरते फिटलेले नाही.

एक कुंडी मावशी विकत नाही. ती अंधाराच्या वर्षातली आहे. खाली लिंबाएवढा गोळा, मध्ये करंगळीएवढा बारीक गळा, आणि त्याच्यावर पुन्हा पेरूएवढा जाड, हिरवागार, काटेरी गोळा. गिऱ्हाईक विचारते, "हा असा कसा झाला?" मावशी चहा गाळता गाळता बोटाने दाखवते. "हा खालचा नाशिकचा. हा मधला आमच्या माजघरातला. आणि हा वरचा इथला, पत्र्याखालचा." मग ती कागद काढते आणि त्यांना पंजाची सावली पाडून दाखवते.